माळ वैशाखात मोजू नका
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यात येऊन गवतावर बोलायचे म्हणजे जरा धाडसच आहे. कपाशीचा भाव, विमा, वीज हे विषय सोडून हा गडी गवत आणि पाखरे काय सांगत बसलाय, असे कुणाला वाटेल. वाटू द्या. मी चाकणकडचा. आमच्याकडे माळ होता. तो गेला. जाताना त्याचा हिशेब कुणी केला नाही आणि ज्यांनी केला त्यांनी चुकीच्या महिन्यात केला. तुमच्या गावाला अजून गायरान आहे, म्हणून सांगायला आलो.

आधी आमचा मुलूख कसा आहे ते ऐका. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून नाकासमोर पूर्वेला पन्नास किलोमीटर आले की चाकण, आणि पाऊस सहा-सातशेच्या घरात. आणखी पूर्वेला बारामती-इंदापूरला पाचशेच्या आसपास. सह्याद्रीने ढग अडवून धरायचे आणि जे वरून निसटतील त्यावर आपण जगायचे, ही आपली जुनी वाटणी. त्या पावसात आणि वीतभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली पाषाण असलेल्या जमिनीत दाट रान होत नाही. बोर, बाभूळ, हिवर अशी काटेरी झाडे लांब लांब उभी राहतात आणि मधे गवत. माती खोल तिथे शेत, माती उथळ तिथे माळ. ही वाटणी कुण्या तलाठ्याने केलेली नाही, पाऊस आणि दगडाने केली आहे.

सरकारी दप्तरात मात्र माळाला नाव नाही. सातबाऱ्यावर तो पोटखराबा. केंद्र सरकारने २००० साली देशभरच्या पडीक जमिनींचे नकाशे छापले, त्यातही झुडपी माळ आणि चराऊ रान पडीक जमिनीच्या रकान्यात गेले. शिकलेले लोक सांगत आले की इथे पूर्वी घनदाट जंगल होते, माणसांनी आणि बकऱ्यांनी ते खाल्ले, उरला तो माळ. आता या म्हणण्याला उत्तर मिळाले आहे, आणि तेही आपल्या मराठी पोथ्यांतून. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचे वाङ्मय, ओव्या, आख्याने चाळली आणि त्यांत कोणत्या गावी कोणती झाडे-गवते सांगितली आहेत ते नोंदवले. २०२५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निघाले काय, तर काटेरी झाडे आणि गवताची मोकळी राने किमान साडेसातशे वर्षे इथे आहेत. म्हणजे माळ हे मेलेले जंगल नाही. तो पहिल्यापासून माळच आहे.

मग तो मेल्यासारखा का दिसतो? कारण तुम्ही त्याला वैशाखात बघता. वैशाखात कपाशीचे रानसुद्धा मेलेलेच दिसते. भेगा पडलेल्या काळ्या रानाचा फोटो काढून कुणी म्हणाले की ही जमीन पडीक, हिच्यात काही होत नाही, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. माळाच्या बाबतीत हेच म्हणणाऱ्याला मात्र आपण साहेब म्हणतो.

वैशाखातही तो मेलेला नसतो, हे जाता जाता सांगतो. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या सड्यावर भर उन्हात एक सरडा दगडावर चढून बसतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी. मादीला बोलावणे आणि दुसऱ्या नराला दम देणे ही दोन्ही कामे त्या पंख्यावर होतात. पाऊस यायच्या आत त्याला लग्न उरकायचे असते, म्हणजे पिल्ले बाहेर येतील तेव्हा रानात किडे असतील. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांची नवी प्रजात मांडली आणि तिला नाव दिले ‘सरडा’. आपला मराठी शब्द जगाच्या शास्त्रात गेला तो माळावरून गेला.

आता मृग लागतो. पहिला वळीव किंवा मृगाचा सडाका पडला की मातीचा वास सुटतो. तो वास जमिनीतल्या सूक्ष्म जीवांचा. कोरड्या मातीत ते निपचित पडलेले असतात, ओल लागली की काही तासांत जागे होतात आणि साठलेला पालापाचोळा कुजवून नत्र मोकळे करतात. पूर्व आफ्रिकेतल्या केनियात बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ साली हे मोजून दाखवले. कोरडी जमीन भिजल्याबरोबर नत्राची एक लाट येते, आणि जमीन जितकी चांगली तापलेली तितकी लाट मोठी. आपल्या बापजाद्यांनी उन्हाळी नांगरट करून रान तापू दिले आणि वापसा येताच पेरायची घाई केली ती काही उगीच नाही. ती लाट पिकाने धरली नाही तर तण धरते किंवा पाण्याबरोबर वाहून जाते. माळावर ती गवताची मुळे धरतात.

त्याच संध्याकाळी वारुळातून पंखांची वाळवी उठते. दिव्यावर तिचा खच पडतो म्हणून आपण वैतागतो. पण माळाला ही मोठी मेजवानी. कोतवाल, चंडोल, सरडे, बेडूक, मुंगूस सगळे वाळवीवर तुटून पडतात. सकाळी ओल्या मातीवर मखमलीचे लाल ठिपके चालताना दिसतात, तो मृगाचा किडा. पोरे त्याला काडेपेटीत घालतात. त्याला पाय आठ, म्हणजे तो कोळ्याच्या भावकीतला. वर्षभर जमिनीत राहतो, पहिल्या पावसाला वर येतो, वाळवी खातो, अंडी घालतो आणि परत खाली जातो. त्याची पिल्ले नाकतोड्यांच्या अंगावर वाढतात. पीकसंरक्षणाचे खाते कुणी फुकट चालवत असेल तर त्यात हा एक.

डबक्यात बेडूक ओरडू लागतात. मोठा बेडूक एरवी शेवाळी रंगाचा, पण त्या दिवसांत नर हळदीने माखल्यासारखा पिवळा होतो आणि गालाशी दोन निळे फुगे फुगवतो. जमिनीत आठ महिने दम धरून बसलेला गडी दोन रात्रींत वर्षाचे काम उरकतो.

आणि कुसळ. धोतरात, सोग्यात, मेंढीच्या लोकरीत घुसते म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. पण एकदा हातात घेऊन बघा. बियाला पुढे सुईसारखे टोक आणि मागे लांब शेपटी. शेपटी कोरडी असली की सुंभासारखी पिळलेली असते. ओल लागली की पीळ सुटतो, सुकली की पुन्हा पडतो. दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या दवाने शेपटी फिरत राहते आणि बी गिरमिटासारखे जमिनीत उतरते. पेरणी, तिफण, मजूर काही नको. कुसळी फुलोऱ्यात येण्याआधी कापली तर चारा म्हणून चालते, नंतर जनावराचे तोंड फाडते. पवना, मारवेल ही त्याहून सरस गवते, पण बारमाही चराई असलेल्या माळावर आधी ती संपतात आणि कुसळी राहते. तुमच्या गायरानात काय उरले आहे, त्यावरून गायरान कसे वापरले ते सांगता येते.

ज्वारीवाल्यांनी तर गवताला नावे ठेवूच नयेत. ज्वारी हे मुळात आफ्रिकेच्या माळावरचे गवत. सुदानकडच्या लोकांनी ते हजारो वर्षांपूर्वी शेतात आणले, तिथून ते आपल्याकडे आले. पावसाने ताण दिला की पाने गुंडाळून मुकाट उभे राहायचे आणि सर आली की पुन्हा वाढीला लागायचे, हा गुण तिने माळावरूनच आणला. कोवळेपणी आणि ताणात ती जनावराला बाधते, तोही माळावरचाच गुण. जित्राबाने मुळासकट संपवू नये म्हणून केलेली तजवीज.

आषाढ-श्रावणात माळ गुडघ्याला लागतो. पावशा आधीच ओरडून गेलेला असतो. चातक अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेतून येतो. चंडोल, लावे, तितर गवताच्या बुडख्यात जमिनीवरच अंडी घालतात. जमिनीवर घरटे करणाऱ्या या पाखरांचा सगळा संसार या दोन-तीन महिन्यांत होतो, कारण पिल्लांना कोवळे किडे लागतात आणि ते याच दिवसांत मिळतात. कपाशीत बोंडअळीसाठी पक्षिथांबे लावा असे कृषी खाते सांगते. सल्ला चांगला आहे. पण थांब्यावर बसायला पाखरू तर हवे! निम्म्या पाखरांचा जन्म बांधावर आणि माळावर होतो. माळ मोडला की थांबा म्हणजे नुसती काठी.

याच दिवसांत माळढोकाची मादी उघड्या माळावर एकच अंडे घालते. वर्षाला एक. तणमोर पावसाबरोबर येतो आणि नर गवतातून उंच उडी मारून मादीला आपण कुठे आहोत ते दाखवतो, दिवसात चारशे-पाचशे वेळा. अकोला-वाशीमकडच्या भावांनी तो सोयाबीनच्या रानातही बघितला असेल. फासेपारधी समाजातल्या लोकांनी त्या भागात गवत राखून तो टिकवायचा प्रयत्न केला आहे, आणि माळ कळणाऱ्यांत त्यांच्याइतका जाणता माणूस मला दुसरा दिसत नाही.

माळढोकाची गोष्ट मात्र सरळ सांगायला हवी. १९७९ साली सोलापूर-नगरच्या पट्ट्यात त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. केवढे? सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात शेते, गावे, बाजारपेठा सगळे आले. जमिनीच्या व्यवहाराला आणि बांधकामाला अडथळे सुरू झाले आणि जो पक्षी आजोबांच्या रानात सुखाने फिरत होता तो नातवाला वैरी वाटू लागला. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले, पण तोवर पक्षीही गेला आणि लोकही दुरावले. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास आहेत, बहुतेक राजस्थानात. गवत राखणाऱ्या माणसाला विश्वासात न घेता कागदावर राखण केली की असे होते. त्याउलट कर्जतचे रेहेकुरी बघा. अवघे दोन-सव्वादोन चौरस किलोमीटर, १९८० पासून राखलेले, आणि काळवीट तिथे टिकले. बारामतीच्या सुप्याजवळ मयूरेश्वरला पाच चौरस किलोमीटर आहे, तिथे चिंकारा. पावसाळ्यानंतर दोन्ही ठिकाणी जाऊन या. आता शिर्सुफळ आणि कडबनवाडीच्या माळावर वनखात्याने २०२४ पासून गाडीतून फिरवण्याची सोय केली आहे. शहरातले लोक पैसे देऊन माळ बघायला येतात. मोजणीदाराला तो फुकट दिसत होता तेव्हा दिसला नाही.

भाद्रपद सरता सरता गवत पिवळे पडते, पण वर्दळ वाढते. डबक्यात वाढलेला पिवळा चतुर हजारोंनी आकाशात उठतो. मालदीवला राहणारे अँडरसन नावाचे जीवशास्त्रज्ञ अनेक वर्षे हे चतुर समुद्रावरून येताना बघत होते. २००९ साली त्यांनी मांडले की हे भारतातून निघून आफ्रिकेला जातात. बोटभर किडा, आपल्या डबक्यात जन्मलेला, वाऱ्यावर समुद्र ओलांडतो. कझाकस्तानातून भोवत्या ससाणे येतात, दिवसभर गवतावरून खाली खाली घिरट्या घालत नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर नव्हे, गवतात जमिनीवर झोपतात. भोरड्याही येतात. हां, हसू नका. ज्वारी हुरड्यात असताना भोरड्यांचे ढग कसे उतरतात आणि गोफण फिरवून खांदे कसे भरतात ते मलाही ठाऊक आहे. पण त्याच भोरड्या उत्तरेकडे टोळ खाऊन वाढतात आणि चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आटोक्यात राहावेत म्हणून त्यांच्या घरट्यांसाठी दगडांचे ढीग रचून देतात. एकच पाखरू, तिकडे जावई आणि इकडे चोर.

आफ्रिकेत सेरेंगेटी नावाचा मोठा माळ आहे. तिथे पावसामागे लाखो जनावरे फिरतात, कोवळे गवत जिथे तिथे कळप. जगातले लोक ते बघायला विमानाने जातात. आपल्याकडेही पावसामागे फिरणारे कळप आहेत, पण ते मेंढ्यांचे आहेत आणि त्यांच्याबरोबर माणूस चालतो, म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. पुरंदर, बारामती, शिरूरकडचा धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातो, भाताच्या खाचरात मेंढ्या बसवतो आणि पाऊस कोकणात कोसळायच्या आत वर येतो, कारण तिथल्या चिखलात मेंढीचे खूर सडतात. वर आला की माळ कोवळा झालेला असतो. जर्मनीहून आलेल्या गुंथर सोंथायमर यांनी हयात या धनगरांचा आणि त्यांच्या देवांचा अभ्यास करण्यात घालवली. मेंढरांच्या मागे लांडगा. धनगराचे कोकरू जाते, तो शिव्या देतो, पण त्याच्या बोलण्यात लांडग्याची बोळवण शेजाऱ्यासारखी असते.

आता आमच्याकडे काय झाले ते. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला. १९६२ नंतर औद्योगिक महामंडळाने पट्टा वाढवला. चाकणला १९९९ पासून मोटारी आणि दुचाकींचे मोठे कारखाने उभे राहिले, २००९ नंतर तर रांगच लागली. पोरांना कामे मिळाली, हे मी नाकारत नाही. माझ्या घरातलीही मिळवती झाली आहेत. पण संपादनाच्या वेळी माळाचा दर लावला तो पोटखराब्याचा. गवताचे चार महिने, मेंढ्यांचे खत, विहिरीला झिरपणारे पाणी, यातले काहीच रकान्यात नव्हते. गवताचा माळ पाऊस धरून हळू सोडतो. तिथे डांबर आणि पत्रा झाला की तासाभराचा पाऊस तासाभरात ओढ्यात. उरलेला मोकळा माळ बघायचा तर आता दिघीकडे लष्कराच्या कुंपणाआड.

दुसऱ्या बाजूने कालवे आले. कुकडी, चासकमान. पाणी बारमाही झाले, ऊस आला. उसाला उन्हाळा-पावसाळा नाही, वर्षभर तो हिरवा आणि दाट. पावसाच्या तालावर चालणारा लांडगा मागे सरकला आणि दाट आडोसा लागणारा बिबट्या उसात येऊन व्याला. जुन्नर, खेड, शिरूरला आज ज्या घरात लेकरू अंगणात सोडायला आई घाबरते तिथे हे असे झाले आहे. मार्च २०२४ मध्ये तर चाकणच्या वसाहतीत एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला, काम थांबवून त्याला बेशुद्ध करावे लागले. लोक म्हणाले, जंगल तोडले म्हणून आला. जंगल होतेच कुठे? माळ होता. माळाचा उसमळा झाला म्हणून तो आला.

झाडे लावण्याबद्दलही एक शब्द. २०१६ पासून राज्यात झाडांची मोठी मोहीम झाली, दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत आकडे गेले. ओढ्याकाठी, बांधावर, रस्त्याकडेला झाड लावा, जगवा. पण चांगल्या गवताच्या माळावर खड्डे घेऊन त्यात गिरिपुष्प लावायचे म्हणजे उभ्या ज्वारीत नांगर घालण्यासारखे. झाड मुरमात जगेलच असे नाही आणि खड्ड्याभोवतीचे गवत मात्र मरते.

पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. तीन आठवडे ताण आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. कपाशी पिवळी पडते तशी जमिनीवरची घरटीही वाहून जातात. अशा पावसात उघडे रान किती माती घालवते आणि गवताचा माळ किती धरतो, हे ओढ्याच्या पाण्याचा रंग बघून शेंबडे पोरही सांगेल.

शेवटचा विषय तुमच्या दारात आलेला आहे. २०२३ पासून सौर कृषी वाहिनीच्या नव्या योजनेत सरकारी जमिनींवर, गायरानांवरही सौर पट्ट्या बसवायला सुरुवात झाली. रात्री साप-विंचवात पाणी धरणाऱ्याला दिवसा वीज हवी, ही मागणी आपलीच. तिला मी विरोध करणार नाही. पण गायरान कुठले द्यायचे आणि कुठले ठेवायचे हे ठरवायची वेळ येईल तेव्हा तारीख बघा. ग्रामसभा १ मेला असते आणि १५ ऑगस्टलाही असते. १ मेला सगळे गायरान सारखेच उजाड दिसते, आणि ठरावावर सह्या पटकन होतात. तो विषय १५ ऑगस्टच्या सभेला घ्या. आदल्या दिवशी गावातला एक मेंढपाळ, एक जाणती बाई आणि दोन शाळकरी पोरे बरोबर घेऊन माळ फिरा. पवना-मारवेल कुठे आहे, कुसळी कुठे आहे, नुसता खडक कुठे आहे, पाणी कुठे मुरते, लाव्याची घरटी कुठे आहेत, ते गट नंबरासह लिहून काढा. पट्ट्या खडकावर बसतील, त्यांना गवत लागत नाही. तो कागद सभेपुढे वाचा, इतिवृत्तात नोंदवायला लावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या सहीशिक्क्यानिशी घरी घेऊन जा.